हनुवटीखालचा पट्टा

अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर कधीकधी एकाच झटापटीतून दोन वस्तू घरंगळत बाहेर येतात. एक बॉल आणि एक हेल्मेट. स्टेडियममधले सगळे डोळे बॉलमागे धावतात. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेल्या पंचांपैकी जो सर्वांत जवळ असेल, त्याला मात्र बॉल न सोडता हेल्मेटचाही हिशेब लावायचा असतो. हे कुणाचं? बॉल हातात असलेल्याचं, की दुसऱ्या कुणाचं? उत्तराला अर्धा सेकंद मिळतो. पहिलं उत्तर असेल तर शिट्टी तत्काळ वाजली पाहिजे. दुसरं असेल तर शिट्टी ओठांना लागतासुद्धा कामा नये.

ज्यांनी हा खेळ टीव्हीवर ओझरताच पाहिलाय त्यांच्यासाठी थोडंसं. दोन्हीकडे ११-११ खेळाडू, १०० यार्डांचं मैदान, अंडाकृती बॉल हातात धरून किंवा फेकून पुढे सरकायचं. चार प्रयत्नांत १० यार्ड मिळवले की पुन्हा चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक ‘डाउन’. तो पाच-सहा सेकंदांत आटोपतो आणि मग सगळे पुन्हा समोरासमोर उभे राहतात. ज्याचं हेल्मेट निघालं त्याने पुढचा एक डाउन बाहेर बसायचं, ही कॉलेज आणि शाळेच्या खेळातली शिक्षा. पाच-सहा सेकंदांची. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये ज्यांची मुलं शाळेच्या संघात आहेत, त्या मराठी आईबापांना शुक्रवारी संध्याकाळी स्टँडमध्ये बसल्याबसल्या हाच प्रश्न पडेल: पोराला काही लागलेलं नाही, त्याने काही आगळीक केलेली नाही, मग बाहेर का काढलं?

आधी बॉलवाल्याचं पाहू, कारण ते सोपं वाटतं आणि सोपं नाही.

बॉल घेऊन धावणाऱ्याचं हेल्मेट पूर्ण निघालं की त्या क्षणी बॉल ‘डेड’. जिथे होता तिथेच डाउन संपला, पुढे मोकळं मैदान असलं तरी. ‘पूर्ण’ या शब्दावर जोर आहे. हेल्मेट वाकडं झालं, जाळी डोळ्यांवर आली, मागून मानेवर चढलं, तरी जोवर ते डोक्यावर आहे तोवर खेळ चालू. व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, हा नियम २०१० साली आला. त्याआधी काय चालायचं याचा नमुना म्हणजे नोव्हेंबर २००७ मधला फिलाडेल्फियातला सामना. डॅलस काउबॉइजच्या जेसन विटनने झेल घेतला, दोघे बचावपटू दोन्ही बाजूंनी त्याच्यावर आदळले, हेल्मेट उडालं आणि हा गडी उघड्या डोक्याने पुढे धावतच सुटला. ५३ यार्डांची कमाई झाली. ती चित्रफीत आजही मर्दुमकी म्हणून दाखवतात. आजच्या नियमाने हेल्मेट उडालं तिथेच शिट्टी वाजली असती आणि ती मर्दुमकी जागच्या जागी थांबली असती. ते बरंच झालं असतं. एखाद्या तिसऱ्या बचावपटूने त्याला गाठलं असतं तर ती चित्रफीत कुणी कौतुकाने दाखवली नसती.

अडचण येते ती क्रमाची. धडक बसते, बॉल सुटतो आणि हेल्मेटही निघतं. आधी काय? हेल्मेट आधी निघालं असेल तर बॉल तेव्हाच मेलेला आहे, पुढे तो सुटला काय आणि प्रतिस्पर्ध्याने उचलला काय, सगळं शून्य. बॉल आधी सुटला असेल तर तो माणूस आता बॉलवाला राहिलाच नाही. त्याचं हेल्मेट म्हणजे ‘दुसऱ्या कुणाचं’ हेल्मेट, आणि मोकळा बॉल जिवंत आहे. पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकचंही तसंच. बॉल हातातून निसटायच्या आत हेल्मेट निघालं तर डाउन संपला. निसटल्यावर निघालं तर पास हवेत आहे, खेळ चालू आहे आणि त्याने स्वतः मात्र आता कशात पडायचं नाही. जवळचा पंच बॉल जिवंत असेतो बॉलवरच नजर ठेवतो. हेल्मेट दिसतं ते नजरेच्या कडेने.

नवख्या पंचांची ठरलेली चूक इथेच होते. बचावफळीतल्या कुणाचं तरी हेल्मेट गडगडत येतं, पंच दचकतो आणि शिट्टी फुंकून बसतो. बॉलवाला तिकडे वीस यार्ड पुढे पळतोय. शिट्टी वाजली म्हणजे बॉल मेला, मग ती चुकून का असेना. अशा वेळी बॉल ज्या संघाकडे होता त्याला दोन पर्याय मिळतात: शिट्टीच्या क्षणी बॉल होता तिथून पुढे खेळा, नाहीतर डाउन पुन्हा खेळा. दोन्हीतून हिरावलेली धाव परत मिळत नाही. त्या प्रशिक्षकाशी पुढचा तासभर नजर मिळवणं अवघड जातं.

मग ज्याच्या हातात बॉल नाही त्याने करायचं काय? नियमाची भाषा अशी की ज्या ‘तत्काळच्या कृतीत’ तो गुंतलेला आहे तिच्यापलीकडे त्याने खेळात भाग घ्यायचा नाही. आपल्या बोलीत सांगायचं तर हातातलं काम पुरं कर, नवं काम अंगावर घेऊ नकोस. आडवा लागणारा लाइनमन समोरच्याला ढकलत असताना हेल्मेट निघालं, तर तो ढकलणं पुरं करू शकतो. त्याला सोडून पाच यार्ड पुढे जाऊन दुसऱ्याला आडवा गेला की फाउल. बचावपटूने बॉलवाल्याच्या कमरेला मिठी मारलीच आहे आणि त्या धडपडीत हेल्मेट गेलं, तर त्याने त्याला खाली पाडायला हरकत नाही. पण हेल्मेट गेल्यावर उठून दहा यार्ड पाठलाग करून पाडलं तर १५ यार्डांचा दंड. उलट बाजूही आहे: समोरच्याचं डोकं उघडं दिसत असताना मुद्दाम जाऊन त्याला धडकणं हाही फाउल, तेवढ्याच यार्डांचा.

कागदावर हे नीट बसतं. मैदानावर ते खेळाडूच्या अंगवळणी पडलेल्या सवयीशी भांडतं. आठव्या-नवव्या वर्षापासून त्याला एकच पढवलेलं असतं, शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही. आता ऐन झटापटीत त्याने स्वतःच स्वतःला थांबवायचं. म्हणून जाणते पंच इथे थोडा हात राखून असतात. हेल्मेट गेलं आणि एखाद-दुसरं पाऊल पुढे पडलं तर फाउल दाखवणारा पिवळा रुमाल पडत नाही; त्याने नवा माणूस हेरला आणि त्याच्याकडे वळला की पडतो. हा ‘वळण्याचा’ क्षण पकडता येणं म्हणजेच या नियमातलं कसब. एखादा पंच जोरात ओरडून सांगतोही, ‘हेल्मेट गेलंय, थांब!’ रुमाल टाकण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त.

आता त्या एका डाउनच्या शिक्षेकडे. कॉलेज आणि शालेय, दोन्ही पातळ्यांवर ती २०१२ च्या हंगामापासून आली. कॉलेजच्या नियम समितीने आदल्या हंगामाचे आकडे काढले तेव्हा दिसलं की सामन्यामागे सरासरी दोनपेक्षा जास्त हेल्मेटं निघताहेत. ६०-७० किलोच्या पोरापासून दीडशे किलोच्या लाइनमनपर्यंत सगळे एकमेकांवर आदळतात, तेव्हा एखादं निघणारच, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण नीट बसवलेलं, चारही बटणं लावलेलं हेल्मेट सहसा निघत नाही. निघतं ते सैल असलेलं. आणि ते सैल का असतं हे मैदानावरच्या सगळ्यांना ठाऊक असतं: घट्ट पट्टा हनुवटीला काचतो, श्वास कोंडल्यासारखा वाटतो, म्हणून दोन डाउनच्या मधे खेळाडू एक बाजू सोडतात आणि पुढच्या वेळी अर्धवट लावतात.

पंचाला हे दिसत नाही. सामना सुरू व्हायच्या आधी रेफरी, म्हणजे पांढऱ्या टोपीतला मुख्य पंच, मुख्य प्रशिक्षकाकडे जाऊन विचारतो, ‘तुमचे सगळे खेळाडू नियमाप्रमाणे सज्ज आहेत ना?’ प्रशिक्षक हो म्हणतो. दुसरं काय म्हणणार? त्यानंतर बावीस हनुवट्यांखाली डोकावून पट्टे ओढून पाहणं कुणाला शक्य नाही. तेव्हा समितीने न दिसणाऱ्या सैल पट्ट्याला दिसेल अशा जागी किंमत लावली. पट्टा सैल ठेवायचा तर ठेव, पण हेल्मेट निघालं की पुढच्या डाउनला तू बाकावर. चौथ्या प्रयत्नात दोन यार्ड हवे असताना तुझा सर्वांत भरवशाचा गडी बाकावर. प्रशिक्षकांनी सरावातच पट्टे तपासायला सुरुवात केली ती या भीतीने. डोक्याला इजा होते हे वर्षानुवर्षं सांगून जे झालं नव्हतं, ते एका डाउनने झालं. माणसाचा हा स्वभाव मला थोडा हसवतो आणि थोडा खटकतो.

हेल्मेटच्या पट्ट्याने सामन्यात घोळ घातल्याची उदाहरणं क्रिकेटवाल्यांना नवी नाहीत. २००७ मध्ये मँचेस्टरला ड्वेन ब्राव्होचा उसळता चेंडू लागला, केव्हिन पीटरसनचं हेल्मेट उडून स्टंपांवर पडलं आणि तो ‘हिट विकेट’. ६ नोव्हेंबर २०२३ ला दिल्लीत विश्वचषकाच्या सामन्यात अँजेलो मॅथ्यूज क्रीजवर आला, पट्टा आवळताना तो तुटला, दुसरं हेल्मेट येईपर्यंत वेळ गेला आणि शाकिबच्या अपीलवर त्याला ‘टाइम्ड आउट’ दिलं, आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पहिल्यांदाच. दोन्हीकडे नियम विकेटचा किंवा वेळेचा होता, हेल्मेट त्यात योगायोगाने सापडलं. अमेरिकन फुटबॉलने मात्र नियम थेट हेल्मेटवरच लिहिला.

तो पट्टा जरा जवळून बघण्यासारखा असतो. हनुवटीच्या खोबणीत बसणारा वाडगीसारखा कप आणि त्यातून निघणारे चार बंद, दोन वर, दोन खाली. कॉलेजमध्ये चार किंवा सहा टोकांचा पट्टाच चालतो. वरचे बंद हेल्मेट पुढे-मागे डुलू देत नाहीत. खालचे ते वर उचललं जाऊ देत नाहीत. सुटतात ते बहुधा खालचे, कारण समोरच्याचा हात हनुवटीखालून वर येतो तो तिथेच. एक खालचं बटण उघडं असलं की त्या बाजूने कवच उचललं जातं आणि उरलेली तीन बटणं त्या जोरापुढे टिकत नाहीत.

हेल्मेट बसवायची पद्धत ठरलेली आहे. केस ओले करून बसवायचं, कारण सामन्यात ते घामाने ओलेच असणार. पुढची कड भुवयांच्या वर साधारण एक इंच, म्हणजे दोन बोटं. कानाची भोकं कानांसमोर. गालांजवळच्या उशा गालांना लागलेल्या. त्या आणि हेल्मेट यांच्यात बोट सहज शिरत असेल तर उशा जाड हव्यात. मग जाळी धरून डावी-उजवीकडे फिरवायची. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट कातडीवरून घसरलं तर ते मोठं आहे. शेवटी पट्टा लावून खेळाडूला जांभई देतात तसा मोठा आ करायला सांगायचं. हेल्मेट टाळूवर खाली ओढलं गेलं तर पट्टा बरोबर.

ज्यांच्या आत हवेच्या पिशव्या असतात त्यांच्यात आणखी एक गंमत. सुई ग्लिसरीनमध्ये बुडवून झडपेत घालतात आणि हातपंपाने हवा भरतात. ही हवा उबदार ड्रेसिंगरूममध्ये भरली आणि सामना नोव्हेंबरच्या गारठ्यात झाला, की हवा आकसते आणि दुपारी घट्ट असलेलं हेल्मेट संध्याकाळी डुलायला लागतं. डेन्व्हरसारख्या १,६०० मीटर उंचीवरच्या गावात भरलेली पिशवी समुद्रकाठी नेली तरी तेच होतं, बाहेरचा दाब वाढून ती चेपते. आणि ज्याने हंगामाच्या सुरुवातीला भरघोस केसांवर माप दिलं आणि महिन्याने डोकं भादरून आला, त्याला तर हवेचीही गरज नाही. नव्या हेल्मेटांत फोमचे थर जास्त असतात, तेव्हा हवेचं दुखणं कमी झालंय. केसांचं आहे तसंच आहे.

शिक्षेला एक मोठा अपवाद आहे आणि भांडणं बहुतेक त्यावरच होतात. प्रतिस्पर्ध्याच्या फाउलमुळेच हेल्मेट निघालं असेल तर खेळाडू आत राहतो. समोरच्याने तोंडापुढची जाळी धरून पिळली, हेल्मेटच्या कडेत बोटं घालून ओढलं, तर १५ यार्डांचा दंड त्याला आणि याला बाहेर बसावं लागत नाही. मात्र ‘मुळे’ हा शब्द घट्ट आहे. त्याच डाउनमध्ये मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी काहीतरी आगळीक केली म्हणून इकडच्याला सवलत मिळत नाही. आणि सर्वांत जास्त हेल्मेटं ज्याने निघतात तो हनुवटीखालचा हाताचा रेटा बऱ्याचदा फाउल नसतोच. बाजूला उभा प्रशिक्षक ओरडतो, ‘हेल्मेट उडालं, तुम्हाला दिसत नाही?’ दिसलेलं असतं. हेल्मेट उडणं हा फाउलचा पुरावा नाही. जो पंच आधी उडालेलं हेल्मेट पाहतो आणि मग त्याला शोभेलसा फाउल आठवून रुमाल टाकतो, तो पंच चुकीचा. म्हणून डाउन संपल्यावर जवळचा पंच रेफरीकडे तीन गोष्टी घेऊन जातो: कोणता संघ, कोणता नंबर, फाउलमुळे की आपसूक. बाकी चर्चा नाही. नंबर खिशातल्या कार्डावर लिहून ठेवणं शहाणपणाचं, कारण तोवर खेळाडू हेल्मेट डोक्यावर चढवून गर्दीत मिसळलेला असतो. त्याचा बदली आल्याशिवाय पुढचा डाउन सुरू होऊ न देणं आणि दोन्हीकडची डोकी पुन्हा अकरा-अकरा मोजणं हेही त्यांचंच काम. शालेय सामन्यात बऱ्याचदा पाचच पंच असतात, कॉलेजच्या वरच्या पातळीवर आठ. पाचात हे सगळं निभावणं किती ओढाताणीचं होतं ते बघायचं तर कुठल्याही शाळेच्या मैदानावर बघावं.

कॉलेजमध्ये आणखी एक वाट ठेवलीय. संघाने आपल्या मोजक्या टाइमआउटांपैकी एक खर्च केला तर हेल्मेट गमावलेला खेळाडू आतच राहू शकतो. जखमी खेळाडूला अशी सूट विकत घेता येत नाही, हेल्मेटवाल्याला येते. सुरक्षेसाठी केलेल्या नियमाला पैसे भरून फाटक उघडायची सोय कशाला, असं वाटतं खरं. क्वार्टरबॅकचं हेल्मेट तिसऱ्या डाउनला गेलं की हे फाटक हमखास उघडतं. तासभर बाकावर गार पडलेल्या राखीव पोराला एका डाउनसाठी उभं करण्यापेक्षा प्रशिक्षक टाइमआउट देतो. पण मला ही सोय तितकीशी वाईट वाटत नाही. टाइमआउटमध्ये मिनिटभर मिळतं, तेवढ्यात साहित्य सांभाळणारा माणूस धावत येऊन पट्टा बदलतो, हवा भरतो. डोकं आत राहतं ते निदान बसवलेल्या हेल्मेटसह. व्यावसायिक लीगमध्ये बाहेर बसायची सक्तीच नाही, ते जास्त बोचतं. बॉलवाल्याचं हेल्मेट निघालं की शिट्टी, पण पुढच्या डाउनला तोच गडी हजर.

घड्याळाची कलमं वाचायला रूक्ष आहेत, पण चलाखी ओळखून लिहिलेली आहेत. हेल्मेट निघाल्यावर डाउन संपला की कॉलेजमध्ये घड्याळ थांबतं. मग शेवटच्या मिनिटाला पिछाडीवरचा संघ म्हणेल, टाइमआउट संपलेत, एखादं हेल्मेट ‘पडू’ दे! म्हणून असं ठेवलंय की हाफमध्ये दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलाय आणि घड्याळ थांबायचं कारण फक्त ते हेल्मेटच आहे, तर प्रतिस्पर्ध्याला घड्याळातून १० सेकंद कापून मागता येतात. पास जमिनीवर पडल्याने किंवा खेळाडू मैदानाबाहेर गेल्याने घड्याळ नाहीतरी थांबलंच असतं, तर कपात नाही. विचार करा: तीन गुणांची पिछाडी, टाइमआउट शून्य, मैदानाच्या आत पाडलं गेलं, घड्याळावर ९ सेकंद आणि त्याच पिछाडीवरच्या संघाच्या लाइनमनचं हेल्मेट गवतावर. दहा वजा केले की सामना संपला. एक बटण. पुढचा डाउन सुरू करायला मिळणारा वेळही वेगळा: आक्रमक संघाचं हेल्मेट गेलं तर २५ सेकंद, बचाव संघाचं गेलं तर ४०, म्हणजे बचावाने आपल्याच हेल्मेटने समोरच्याची घाई करू नये.

हेल्मेट निघणं आणि काढणं यांत फरक आहे. मैदानावर मुद्दाम हेल्मेट काढायला एनएफएलने १९९७ पासून बंदी केली. टचडाउननंतर, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवल्यावर, चेहरा कॅमेऱ्याला दाखवायच्या सवयीवरून त्या नियमाला डॅलसच्या एमिट स्मिथचं नाव चिकटलं. तो कुणाला महागात पडला ते सप्टेंबर २००२ मध्ये दिसलं. क्लीव्हलँड ब्राउन्स ३९-३७ पुढे, शेवटचा डाउन, त्यांच्या ड्वेन रडने कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅकला खाली ओढलं आणि सामना संपला समजून हेल्मेट काढून भिरकावलं. पण खाली पडता पडता क्वार्टरबॅकने बॉल शेजारच्या जॉन टेटकडे दिला होता आणि तो अगडबंब लाइनमन पळत सुटला होता. टेटला अडवलं तोवर घड्याळ शून्यावर आलं. पण बचाव संघाच्या फाउलवर हाफ संपवता येत नाही. दंड लागला, एक जादा डाउन मिळाला, मॉर्टन अँडरसनने ३० यार्डांवरून किक मारली आणि कॅन्सस सिटी ४०-३९ ने जिंकली.

गंमत म्हणजे कॉलेजमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं १९३९ मध्ये आणि एनएफएलमध्ये १९४३ मध्ये. त्याआधी काहीजण चामड्याची टोपी घालायचे, काहीजण तीही नाही. तेव्हा कुणाचं हेल्मेट पडलं तर तो त्याचा खासगी प्रश्न होता.

आणखी एक गोष्ट पंचांनी त्याच क्षणी पाहायची असते आणि ती नंबरापेक्षा महत्त्वाची आहे. हेल्मेट ज्या धडकेने निघालं त्या धडकेने आतलं डोकंही हललेलं असतं. तो उठून चुकीच्या घोळक्यात गेला, पाय अडखळले, नजर भिरभिरली, तर प्रश्न एका डाउनचा राहत नाही. शालेय नियमांत २०१० पासून अशी लक्षणं दिसली की बाहेर, आणि योग्य वैद्यकीय व्यक्तीने हो म्हटल्याखेरीज परत नाही. तिथे टाइमआउट चालत नाही, प्रशिक्षकाची शपथ चालत नाही.

बहुतेक वेळा मात्र तसं काही झालेलं नसतं. पोरगा हेल्मेट काखेत मारून कडेला येतो. साहित्यवाला गुडघ्यावर बसून कप सारखा करतो, खालचं डावं बटण अंगठ्याने दाबतो. टक् असा आवाज येतो. तोंड उघड म्हणतो. पोरगा आ करतो, हेल्मेट टाळूवर खाली ओढलं जातं. मैदानावर डाउन खेळून होतो, त्याचा बदली पळत बाहेर येतो आणि पंच पुन्हा अकरा डोकी मोजायला लागतो.